व्हिडिओ ॲपमधलं ट्युटोरियल फीचर कसं बनवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही बेळगावात बसून एक छोटं व्हिडिओ ॲप बनवतोय. लोक आपल्या हातानं केलेल्या गोष्टींचे व्हिडिओ टाकतात, रांगोळी, लेझीम, शिवण, स्वयंपाक, किल्ले, काय वाट्टेल ते. त्यातलं ट्युटोरियलचं काम वर्षभर माझ्याकडं आहे. इथली कॉलेजची पोरं, व्हिडिओ करणारे लोक आणि निपाणी-चंदगडकडचे दोनतीन ॲपवाले तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

ट्युटोरियल फीचर म्हणजे ॲप कसं वापरायचं ते दाखवणं, एवढंच ना?

नाही, इथंच बऱ्याच जणांची गल्लत होते. एक असतं ॲपची ओळख, म्हणजे हे बटण कशाचं, ते बटण कशाचं. दुसरं असतं लोकांनी लोकांना शिकवायची सोय, म्हणजे तुमच्या काकूला भरतकाम येतं तर ते ती दुसऱ्याला हात धरून शिकवल्यासारखं कसं दाखवेल. मी मुख्यतः दुसऱ्याबद्दल लिहिणार आहे कारण खरी मेहनत तिथं आहे. पहिल्याबद्दल खाली एक प्रश्न आहे.

साधा व्हिडिओ टाकला तर काय बिघडतं? लोक बघून शिकतातच की.

बघतात खूप, शिकतात कमी. मला हे कळलं ते खानापूर तालुक्यातल्या आमच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात. वहिनी व्हिडिओ बघून मांडे करत होत्या. मांडा माहीत असेल तर त्यातली गंमत आणि भीती दोन्ही माहीत असणार, आत पिठीसाखर आणि खसखस भरायची, लाटायचं, मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत कागदासारखं पातळ करायचं आणि उलट्या ठेवलेल्या तापल्या खापरावर टाकायचं, आणि कडक व्हायच्या आत घडी घालायची. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला, दोन्ही हातांवर मांडा, आणि व्हिडिओ आपला पुढं पळाला. वहिनींनी नाकानं स्क्रीन दाबायचा प्रयत्न केला, खोटं नाही सांगत, नाकानं, तर तो व्हिडिओच गेला आणि भलताच कुठला तरी नाचाचा व्हिडिओ सुरू झाला. तेवढ्यात मांडा मधोमध फाटला. वहिनी म्हणाल्या, "माझंच चुकलं बाई, मला जमतच नाही." मला ते फार लागलं, कारण चूक त्यांची अजिबात नव्हती, व्हिडिओ थांबायला पाहिजे होता.

तेव्हापासून आमच्या अख्ख्या फीचरचा एकच नियम आहे: माणूस थांबला की व्हिडिओ थांबणार. खालचं सगळं त्यातूनच आलंय.

मग व्हिडिओ थांबणार कसा? सारखं पॉज दाबायचं का?

पॉज दाबायला हात मोकळा लागतो, आणि शिकणाऱ्याचा हात मोकळा नसतोच. पीठ, मेंदी, शाडूची माती, ग्रीस, काहीतरी लागलेलं असतं. म्हणून आम्ही व्हिडिओचे तुकडे पायऱ्यांमध्ये करतो. एक पायरी सुरू झाली की तीच गोल गोल फिरत राहते, तुम्ही सांगेपर्यंत पुढं जात नाही. दहा वेळा फिरू दे, वीस वेळा फिरू दे.

पुढं जायला छोटं बटण ठेवायचं नाही. अँड्रॉइडच्या गाईडलाईनमध्ये बटण किमान ४८ डीपीचं (डीपी म्हणजे स्क्रीनवरचं माप) असावं असं आहे, पण तो कोरड्या बोटाचा हिशोब. पिठाच्या हातासाठी आम्ही अख्खी स्क्रीनच बटण केली, उजवी अर्धी बाजू म्हणजे पुढं आणि डावी अर्धी म्हणजे मागं. मनगटानं, कोपरानं, बोटाच्या पेरानं कशानंही लागतं. शिवाय पायरी फिरत असताना फोनची स्क्रीन आपोआप बंद होऊ द्यायची नाही, आणि ट्युटोरियल संपल्यावर आपोआप दुसरा व्हिडिओ सुरू करायचा नाही. हे शेवटचं टीममध्ये पटवायला मला दोन मिटिंगा लागल्या, कारण आपोआप पुढचा व्हिडिओ लागला की लोक ॲपवर जास्त वेळ राहतात. राहू देत कमी, मांडा तरी फाटणार नाही.

बोलून पुढं जायची सोय पण करून बघितली, "पुढं" म्हटलं की पुढं. मिक्सर, कुकरची शिट्टी आणि बाहेर भाजीवाल्याची हाक यात ती टिकली नाही. काढून टाकली.

एक पायरी किती लांब ठेवायची?

हाताचं एक काम म्हणजे एक पायरी. "पीठ मळा आणि झाकून ठेवा" या दोन पायऱ्या. साधारण ५ ते २० सेकंद पुरतात, आणि मजकूर एकच ओळ. पायऱ्या बाराच्या वर जायला लागल्या की आम्ही शिकवणाऱ्याला विचारतो, याचे दोन भाग करूया का.

व्हिडिओत काम पटकन होतं, घरी तासभर लागतो. याचं काय करता?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. कुंद्याचं बघा. बेळगावात कुंदा माहीत नाही असं माणूस सापडायचं नाही, पण घरी करणारे कमी, कारण दूध आटवत आणि खवा-साखर परतत उभं राहावं लागतं, रंग तपकिरी येईपर्यंत. एका ताईंनी आमच्या ॲपवर कुंद्याचा व्हिडिओ टाकला, परतायचा भाग कापून चार सेकंदांचा केला, त्यांचं पण बरोबर, तासभर कढई कोण बघणार. पण खाली प्रश्नांवर प्रश्न आले की आमचा पांढराच राहिला, आमचा रवाळ झाला, आमचं काय चुकलं. काही चुकलं नव्हतं वो, लोकांनी लवकर उतरवला होता. व्हिडिओनं वेळ खाल्ला आणि तो खाल्लाय हे सांगितलं नाही.

म्हणून प्रत्येक पायरीला आम्ही दोन खाने दिलेत. एक ‘खरा वेळ’, म्हणजे व्हिडिओत चार सेकंद असले तरी घरी किती लागेल. दुसरा ‘झालं कसं ओळखायचं’, आणि हा जास्त महत्त्वाचा, कारण गॅस वेगळा, कढई वेगळी, म्हशीचं दूध का गाईचं, मिनिटं सगळीकडं सारखी नसतात. आपल्या आज्ज्या कधी मिनिटं सांगत नाहीत, "कडेनं तूप सुटायला लागलं की समज" असं सांगतात. नेमकं हेच वाक्य त्या खान्यात पाहिजे. जमलं तर एक फोटो झालेल्याचा आणि एक अजून न झालेल्याचा, शेजारी शेजारी. नुसता बरोबरचा फोटो दाखवला तर लोकांना फरक कळत नाही.

टेक्निकल प्रश्न: प्रत्येक पायरीची वेगळी फाईल ठेवायची का?

नको. एकच व्हिडिओ ठेवा आणि पायरीची सुरुवात-शेवट म्हणजे दोन आकडे डेटाबेसमध्ये ठेवा. शिकवणाऱ्यानं नंतर पायरी पुढंमागं सरकवली तर फक्त आकडा बदलतो, व्हिडिओ परत अपलोड नाही.

पण एक अडचण येते आणि ती आधी माहीत असलेली बरी. कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते, मधेमधे एक पूर्ण फ्रेम असते, तिला कीफ्रेम म्हणतात, आणि बाकीच्या फ्रेममध्ये फक्त बदल साठवलेले असतात. पायरी कीफ्रेमवर सुरू होत नसेल तर प्लेअरला मागच्या कीफ्रेमपासून सगळं उलगडत यावं लागतं, स्वस्तातल्या फोनवर तेवढ्यात चित्र अडकतं, नाहीतर आधीच्या पायरीची शेपटी दिसते. आणि इथं तर तीच पायरी परत परत फिरणार, म्हणजे दर फेरीला अडकणार. उपाय सोपा, सर्व्हरवर व्हिडिओ बदलून घेताना प्रत्येक पायरीच्या सुरुवातीला जबरदस्तीनं कीफ्रेम टाकायची. पायरी सरकवली की तेवढं परत करून घ्यायचं, ते मागच्या मागं होतं. आम्ही हे दोन महिने उशिरा केलं आणि तोवर फोन जुना आहे म्हणून लोकांनाच सांगत होतो, त्याचं अजून वाईट वाटतं.

जांबोटी, कणकुंबीकडं रेंज येते-जाते. तिथं कसं चालणार?

हिशोब करून बघा. २ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट डेटा लागणारा, तीन मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे ४५ एमबी (आठ बिट म्हणजे एक बाईट). तोच ०.८ एमबीपीएसवर आणला तर १८ एमबी. हात नीट दिसण्यापुरतं चित्र त्यात येतं, भरतकामासारखं बारीक काम सोडून. आम्ही ट्युटोरियल उघडल्यावर पहिल्या दोन पायऱ्या लगेच उतरवतो आणि माणूस पहिल्या पायरीत गुंतलेला असताना पुढच्या. एकदा उतरलेली पायरी कितीही वेळा फिरली तरी परत डेटा खात नाही, हे मात्र नक्की तपासा, आमच्या सुरुवातीच्या व्हर्जनमध्ये दर फेरीला खात होती. आणि ‘वायफायवर उतरवून ठेव’ हे बटण पहिल्याच स्क्रीनवर पाहिजे, लोक बेळगावात कामाला आल्यावर उतरवतात आणि गावाला जाऊन बघतात. व्हिडिओ अजिबातच आला नाही तर निदान फोटो आणि ती एक ओळ दिसलीच पाहिजे.

भाषा कुठली ठेवायची? मराठी, कन्नड का इंग्रजी?

आपल्याकडं याचं एकच उत्तर नाही. एकाच घरात बघा, फोनची सेटिंग इंग्रजीत, बोलणं मराठीत, लाईट बिल कन्नडमध्ये, आणि गोकाककडून आलेली सूनबाई घरी कन्नडच बोलते. मराठी पण कुठली, आमची "काय करूलास" वाली. त्यामुळं फोनची भाषा बघून ॲपची भाषा ठरवू नका, सरळ विचारा, आणि ॲपची भाषा वेगळी आणि ट्युटोरियलची भाषा वेगळी निवडू द्या.

पायऱ्यांचा इथं मोठा फायदा होतो. आवाज पायरीपायरीनं वेगळा साठवला असेल तर दुसऱ्या भाषेत तेवढंच दहा-दहा सेकंद बोलायचं, चुकलं तर तेवढीच पायरी परत. शहापूरच्या एका अक्कांनी साडीला फॉल-बिडिंग करायचं मराठीत शिकवलं आणि त्यांच्या शेजारणीनं त्याच पायऱ्यांवर कन्नडमध्ये आवाज दिला, दोघींची नावं खाली. मला यावर्षी झालेल्या कामातलं हे सगळ्यात जास्त आवडतं.

आपोआप सबटायटल लावताना काळजी घ्या. मशिन पुस्तकी मराठीवर शिकलेलं असतं, "बघूलोय" म्हटलं की काहीतरी भलतंच लिहितं. आम्ही ते लिहिलेलं शिकवणाऱ्याला दाखवतो आणि त्यांनी ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय लावत नाही. आणि त्यांचं बोलणं सुधारून प्रमाण मराठी करत नाही. त्या "उंडा" म्हणत असतील तर उंडाच.

बटणांवरची भाषा आदरार्थी, "करा", "थांबा", "परत बघा". "कर", "थांब" लिहिलं तर साठ वर्षांच्या माणसाला ॲपनं अरेतुरे केल्यासारखं होतं.

मराठी अक्षरांचे फॉन्ट तुटतात, काय करू?

बहुतेक वेळा फॉन्टचा दोष नसतो, ओळीच्या उंचीचा असतो. इंग्रजी बघून केलेल्या डब्यात "ट्युटोरियल" लिहिलं की वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार कापला जातो. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी ठेवा. ‘नोटो सान्स देवनागरी’ आणि ‘मुक्त’ (Mukta) हे दोन्ही फॉन्ट फुकट आहेत आणि चांगले आहेत. मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवा, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात, आणि "वाऱ्यावर" मधला ऱ्य प्रत्येक फोनवर बघून घ्या.

शूटिंग कसं करायचं ते ॲपनं शिकवावं का?

हो, पण लेक्चर नको, कॅमेरा उघडल्यावर जागेवरच. आमच्या अनुभवातल्या तीन गोष्टी सांगते.

उभ्या व्हिडिओत, म्हणजे ९:१६ मध्ये, खालच्या भागावर मजकूर आणि बटणं येतात आणि लोक हात नेमके तिथंच ठेवतात. आम्ही कॅमेऱ्यात एक फिकट चौकट दाखवतो, हात यात ठेवा. वरून शूट करायचं असेल तर ट्रायपॉड विकत घ्यायला सांगू नका, दोन डबे आणि त्यावर फोन पुढं काढून ठेवलेली लाकडी फळी, काम होतं.

दुसरी गोष्ट डावं-उजवं. लेझीम किंवा झांज शिकवणारा समोर तोंड करून उभा असतो, त्याचा उजवा हात बघणाऱ्याला डावीकडं दिसतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीआधी आमच्याकडं पोरं धडाधड लेझीमचे व्हिडिओ बघत होती आणि निम्मी उलट्या पायावर शिकली. आता बघणाऱ्याला ‘आरसा’ नावाचं बटण आहे, दाबलं की व्हिडिओ उलटतो. फक्त त्यावर लिहिलेला मजकूर व्हिडिओच्या चित्रातच मिसळलेला नको, वेगळा थर पाहिजे, नाहीतर अक्षरं पण उलटतात. शिवाय वेग अर्धा करायची सोय ठेवा आणि तेव्हा आवाजाची पट्टी बदलू देऊ नका, ताल त्यावरच धरतात.

तिसरी गोष्ट ट्यूबलाईटची. वडगावात एका मागाच्या शेडमध्ये आम्ही शूट केलं, सगळ्या व्हिडिओत काळे पट्टे वर-खाली सरकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं जुन्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात. हे वापरणाऱ्याला सांगायची गरजच नाही, ॲपनं कॅमेरा तसा लावून द्यायचा. मागाचा आवाज मात्र जात नाही, तिथं आधी नुसतं चित्र घ्या आणि पायरीचा आवाज घरी बसून भरा.

पहिल्यांदा ॲप उघडल्यावर ओळख कशी करून द्यायची?

आमच्या पहिल्या व्हर्जनमध्ये नऊ फुगे, म्हणजे स्क्रीनवर येणाऱ्या छोट्या सूचना होत्या, हे इथं दाबा, ते तिथं दाबा. मीच केल्या होत्या, मन लावून. आमच्या मावशीला दिलं, तिनं नऊ वेळा ‘पुढं’ दाबलं आणि शेवटी मला विचारलं, "आता काय करू गे?" आता एकही फुगा नाही. उघडल्यावर दोन पायऱ्यांचं ट्युटोरियल लागतं, कागदाची होडी सुरू कशी करायची. ते करताना पुढं-मागं जायचं आपोआप कळतं, आणि तिसरी पायरी रिकामी असते, ती तुम्ही शूट करून जोडायची. म्हणजे ओळख संपेपर्यंत तुमचा पहिला तुकडा तयार. वगळायचं बटण मात्र पहिल्यापासून ठळक.

किती लोकांवर टेस्ट करायचं?

ॲप-वेबसाईट वापरायला किती सोपी आहे याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की एका फेरीत पाच माणसं पुरतात, मोठ्या अडचणी त्यातच दिसतात, मग सुधारा आणि परत पाच घ्या. ते खरं ठरतं, फक्त पाचही आपले मित्र नकोत. आम्ही एक आज्जी, एक कॉलेजचा पोरगा, एक शिवणकाम करणारी, एक कन्नड बोलणारी आणि एक ज्याच्या फोनमध्ये जागाच नसते असा, असे घेतो. ऑफिसात बोलावू नका, त्यांच्या घरी जा. आणि तोंडावर कुलूप लावून बसा, अडकले की मदत करायला हात शिवशिवतो, करायची नाही.

यश कशावरून मोजता? व्ह्यूजवरून?

व्ह्यूज बघतो पण त्यावर निर्णय घेत नाही. शेवटच्या पायरीपर्यंत किती जण गेले, आणि त्याहून मोठं म्हणजे ‘करून बघितलं’ म्हणून स्वतःचा फोटो-व्हिडिओ किती जणांनी जोडला. एखादी पायरी लोक फार वेळा फिरवत असतील तर दोन अर्थ निघतात, पायरी अवघड आहे किंवा सांगितलंय वाईट. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही, म्हणून प्रश्न पायरीलाच चिकटवायची सोय दिली. "चौथ्या पायरीला बारा प्रश्न" असं दिसलं की शिकवणारा स्वतःच ती पायरी परत शूट करतो, आम्हाला सांगावं लागत नाही.

कारागीर म्हणतात, आमची कला फुकट कशाला दाखवू? त्यांना काय सांगायचं?

आधी त्यांचं ऐकायचं, कारण भीती खरी आहे. गणपतीची मूर्ती करणाऱ्या एका काकांनी मला सांगितलं की डोळे रंगवायचं मी माझ्या पोराला पण दहा वर्षांनी दाखवलं. त्यांना मी आग्रह केला नाही. त्यांनी शाडू मळण्यापासून अंगठ्यानं सोंड वळवण्यापर्यंत दाखवलं आणि डोळ्यांपाशी थांबले, पायरीत लिहिलं, "पुढचं समोर बसून शिकवीन." ॲपमध्ये अशी अर्ध्यावर थांबायची मोकळीक पाहिजे. डाऊनलोड करून दुसरीकडं टाकणं त्यांच्या परवानगीशिवाय नको, आणि कुणी त्यांच्या पायऱ्या घेऊन नवीन ट्युटोरियल केलं तर मूळ नाव काढताच येऊ नये. काम एकाचं आणि नाव तिसऱ्याचं होतं, हे आपल्याकडं बऱ्याच जणांनी सोसलंय.

मागं गाणं लावू का?

शिकवताना नको. हाताचा आवाजच उपयोगी असतो, फोडणीचा, कात्रीचा. आणि ज्या गाण्याचे हक्क नाहीत ते लावलं तर नंतर आवाज बंद होतो, शिकवलेलं सगळं मुकं.

मशिननं आपोआप पायऱ्या पाडल्या तर?

सुचवू देत. कट कुठं आहे, बोलणं कुठं थांबलं यावरून बऱ्यापैकी जमतं. शेवटचा शब्द शिकवणाऱ्याचा.

लहान मुलं वापरणार असतील तर?

२०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ च्या खालचे सगळे लहान मुलं धरलेत, त्यांची माहिती घ्यायला आई-वडिलांची खातरजमा करता येईल अशी संमती लागते आणि मुलांवर नजर ठेवून जाहिराती दाखवता येत नाहीत. आम्ही मुलांच्या ट्युटोरियलला लॉगिनच ठेवलं नाही, बघायला लॉगिन लागतंच कशाला. सुरी, विस्तव, गरम तेल असलेल्या पायरीला लाल कड येते आणि "मोठ्या माणसाला बोलवा" असं आवाजात सांगितलं जातं.

दिवाळीत पोरांच्या किल्ल्याचं ट्युटोरियल करायचंय, ते तर चार-पाच दिवस चालतं. जमेल का?

जमेल, त्यासाठीच ‘खरा वेळ’ मिनिटांत न ठेवता दिवसांत पण ठेवता येतो. गेल्या वर्षी अनगोळच्या एका पोरानं केलं होतं, पहिल्या दिवशी दगड-विटा आणि गोणपाट, दुसऱ्या दिवशी माती लिंपायची आणि लगेच हळीव पेरायची, कारण दिवाळीच्या दिवशी पेरली तर हिरवं कधी व्हायचं. मधले दिवस नुसतं पाणी शिंपडायचं, बुरूज ढासळू न देता, हातानं, मग मावळे. ट्युटोरियल सुरू केलेल्या पोरांना आम्ही रोज सकाळी एकच मेसेज पाठवला, "आज किल्ल्यावर पाणी मारलं का?" त्यावर दाबलं की बरोबर त्या दिवसाची पायरी उघडते. दुसऱ्या कशाचंही नोटिफिकेशन आम्ही पाठवत नाही.